एकशे ऐंशी दिवस आणि पाउंडाचा प्रश्न

१४ सप्टेंबर २०२५, शारजा

कोथिंबिरीविषयी माझी गंभीर तक्रार आहे. ती जुडीनेच मिळते! एकट्या पुरुषाने अख्खी जुडी संपवणं या युगात शक्य नाही. इंद्राने तपस्व्यांकडे अप्सरांऐवजी कोथिंबीर पाठवली असती, तरी तप भंगलं असतं. खालच्या ग्रोसरीत विजयकुमारला म्हटलं, "आधा दे दो." तो म्हणाला, "सर, बाकी आधा किसको बेचूँ? फॅमिली को बुलाओ, खलास!" दोन दिरहम. म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये. साताऱ्यात सुलक्षणा दहा रुपयांत घेत असेल.

तिला जाऊन आज एकशे पन्नास दिवस झाले. इथला नियम असा – सहा महिने, म्हणजे एकशे ऐंशी दिवस, देशाबाहेर राहिलं की राहण्याचा व्हिसा रद्द. १४ ऑक्टोबरच्या आत ती आली तर आमचा संसार चालू. नाही आली तर? ते तिने सांगितलेलं नाही. "विचार करते आहे," एवढंच. उशीर झाला तर अर्ज करता येतो म्हणे, पण त्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू?

एप्रिलमध्ये आजारी मावशीकडे पंधरा दिवसांसाठी गेली होती. मावशी बरी झाली. ही तिथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागली. बावीस वर्षांपूर्वी लग्न करून इकडे आली तेव्हा हेच सोडून आली होती. आता दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मध्यस्थही नाही.

१६ सप्टेंबर

शारजाहून दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला पोचायला दोन तास दहा मिनिटं. ऑफिसात शिरतो तोच श्रीनाथ: "सर, स्कॉटलंडवर चार लेखांची सिरीज करू या. इंडिपेन्डन्सची पुन्हा चर्चा आहे. पण पॉलिटिक्स नको, करन्सी! वेगळे झाले तर पाउंड ठेवणार की स्वतःचं काढणार? अँड प्लीज, कीप इट लाइट."

श्रीनाथ माझा संपादक. वय तेहतीस, मराठी आईबापांचा, वाढला इथे. आमची संस्था भारतातल्या वर्तमानपत्रांना लेख पुरवते. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांनाही आपण सभ्य वागलो असं वाटतं.

वेगळं व्हायच्या विचारात असलेल्या पक्षावर लिहायला माझ्याइतका अनुभवी माणूस त्याला कुठे मिळणार होता! त्याला हे ठाऊक नाही. ऑफिसात मी 'मिसेस मावशीकडे आहेत' असं सांगून ठेवलंय. मावशी पाच महिने आजारीच आहे.

२१ सप्टेंबर

पहिला लेख पाठवला. तीन वाटा सांगितल्या. पाउंडच वापरत राहायचा, कुणी हो म्हणो न म्हणो – मग व्याजाचे दर लंडन ठरवणार, पण अडचणीत लंडन धावून येईलच असं नाही. किंवा दोघांनी मिळून वापरायचा – ह्याला लंडनने २०१४च्या सार्वमताआधीच नकार दिला होता. किंवा सरळ आपलं चलन काढायचं. त्याला गंगाजळी लागते आणि छातीही.

तो नकार लिहिताना मला बरं वाटलं. का, ते इथेही लिहीत नाही.

२२ सप्टेंबर

फोन केला. तिला वर्ग होता.

२७ सप्टेंबर

शनिवार. दुसऱ्या लेखासाठी रास अल खोरच्या भाजीबाजारात गेलो. आत्मारामशेठचा कांदेबटाट्यांचा होलसेल धंदा. वय ऐंशी, चौसष्ट सालापासून दुबईत. तेव्हा इथे आपला रुपयाच चालायचा. सहासष्ट साली भारताने त्याची किंमत पाडली, आणि इथल्यांनी रुपया सोडला. मग शेजाऱ्यांच्या रियाल-दिनारवर दिवस काढले. देश झाला एकाहत्तर साली, दिरहम आला त्र्याहत्तर साली.

"दोन वर्षं देश आपला आणि नोट दुसऱ्याची? भीती नाही वाटली?"

"भीती रुपयाला वाटायला हवी होती," ते पोत्यावर थाप मारून म्हणाले. "आम्हाला कसली? आम्ही कांदा विकत होतो."

निघताना म्हणाले, "वहिनी कधी येतायत?"

"इन्शाल्ला, लवकरच."

"म्हणजे नाही!" खो खो हसले. "एकसष्ट वर्षं हा शब्द मीही वापरतोय, मालक."

मग हसणं थांबवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पाच किलो कांदे गाडीत ठेवायला लावले. मी नको म्हटलं नाही.

१ ऑक्टोबर

नेहमीप्रमाणे तिला दोन हजार दिरहम पाठवले. अठ्ठेचाळीस हजार रुपये.

एक्स्चेंजच्या खिडकीत रांग होती, म्हणून तिच्या व्हिसाची प्रत काढून वाचत बसलो. माझ्या नावावर, माझी आश्रित. पाठशाळेत गुरुजींनी 'पतिपत्नी' हा द्वंद्व समास म्हणून शिकवला होता, दोन्ही पदं प्रधान. सरकारला व्याकरण येत नाही असं म्हणून हसायला गेलो. जमलं नाही. बावीस वर्षं हा कागद मी भरून देतोय, ती फक्त सही करते.

२ ऑक्टोबर

दसरा. तिचा मेसेज: "पैसे मिळाले. तुमच्या इथल्या खात्यात परत टाकलेत. रागावू नका. माझा पगार झाला."

चार वेळा वाचला. शेवटचं वाक्य पाच वेळा.

३ ऑक्टोबर

तिचं तिकीट काढून टाकलं. १२ तारीख, पुणे-दुबई, खिडकीची जागा. पासपोर्टचा नंबर माझ्या फोनमध्ये असतोच. यल्ला, चला, विषय संपला!

४ ऑक्टोबर

विषय संपला नव्हता.

"अहो, तिकीट कुणाला विचारून काढलंत?"

"व्हिसा संपतोय म्हणून..."

"व्हिसा माझा, प्रवास मी करायचा, आणि मेसेज आल्यावर मला कळतं की मी निघाले! बॅग तरी मी भरायची ना? का तीही भरलीत?"

मी म्हटलं, आजवर मीच काढत आलोय. ती म्हणाली, "हो ना. तेच तर." फोन ठेवला नाही. मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तीन झाल्यावर "गॅस बंद करते" म्हणाली.

७ ऑक्टोबर

तिसरा लेख श्रीनाथने परत पाठवला. जवळ येऊन बसला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी पूर्ण मराठीत बोलला. जरा अडखळत. "सर, तीनही लेखांत लंडनला काय वाटतं तेच आहे. लंडन दुखावलं, लंडन समजावतं, लंडन इशारा देतं. स्कॉटलंडला काय हवंय? तुम्ही कुणाला विचारलंच नाहीये."

मी म्हटलं, संदर्भ मिळत नाहीत.

"फोन करा ना कुणाला तरी," तो म्हणाला.

१० ऑक्टोबर

केला. स्कॉटलंडला नाही, साताऱ्याला. विचारलं, "तुला काय हवंय?" दोन मिनिटं तिला प्रश्न खरा वाटेना. मग सांगितलं तिने. शब्द आठवतील तसे लिहितो.

"दर एक तारखेला तुम्ही टेबलावर पैसे ठेवायचात आणि विचारायचात, पुरतील ना? कधी कमी दिले नाहीत. कधी हिशोब मागितला नाही. चांगलेच वागलात हो. पण बावीस वर्षं 'पुरतील' म्हणून म्हणून मी दमले. इथे पगार निम्म्याहून कमी आहे. पुरत नाही! महिनाअखेरीला मूगडाळ खाते. पण कुणाला उत्तर द्यावं लागत नाही."

"म्हणजे माझ्यावर राग नाही?"

"तुमच्यावर नाही, त्या 'पुरतील ना?'वर आहे. तुम्हाला ते वेगळं काढता येतं का, बघा."

रात्रभर चौथा लेख लिहिला. लंडनचं नावही नाही त्यात. स्वतःचं चलन काढलं तर सुरुवातीला ते घसरेल, महागाई येईल, लोकांना हे सगळं ठाऊक आहे आणि तरी काहींना ते हवं आहे – ते मूर्ख म्हणून नव्हे – एवढंच लिहिलं. श्रीनाथचा मेसेज: "सर! दिस इज द वन."

१२ ऑक्टोबर

येणार नाही, असं तिने सांगून झालं होतं. तरी विमानतळावर गेलो. पुण्याचं विमान वेळेवर उतरलं. एक आजी ट्रॉलीवर फणसाएवढी पिशवी घेऊन आल्या, त्यांचा मुलगा धावला. सगळे बाहेर येईपर्यंत थांबलो. मग पार्किंगचे तीस दिरहम भरले. रुपयांत किती, ते मोजलं नाही.

१४ ऑक्टोबर

एकशे ऐंशी. आली नाही.

१५ ऑक्टोबर

सकाळी तिचाच फोन. "अहो, आता तुम्हीच या. चार दिवस रजेवर नको, कायमचे या. दोन खोल्या आहेत. भाडं मी भरते."

मी म्हटलं, बघतो.

इतके महिने वाटत होतं, ती सोडून जाईल ही माझी काळजी आहे. ती काळजी नव्हती. पगार हातात घेतल्याशिवाय मी तिच्यासमोर कधी उभाच राहिलेलो नाही. रिकाम्या हातांचा मी तिला किती दिवस हवा असेन, मला माहीत नाही. भीती वाटते.