आवाजाला दोन गुण

व्हिलारिका,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

देर्लिस,

तू खुशाल असशील असं धरून चालते. लूर्देस आणि मुलंही. मी बरी आहे. तीन दिवस झाले, उत्तरेचा गरम वारा सुटलाय. गावात सगळ्यांची डोकी फिरली आहेत, माझंही ताळ्यावर नाही.

हे पत्र मी बहीण म्हणून लिहीत नाही. आमच्या शिक्षक सहकारी संस्थेच्या खरेदी समितीनं लॅपटॉप तपासायचं काम माझ्यावर टाकलं, म्हणून लिहिते आहे. तीन दुकानांकडून एकेक नमुना मागवला होता. सिउदाद देल एस्तेचा तुझा. मी सभेत उभं राहून सांगितलं की हा दुकानदार माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. समितीचे अध्यक्ष कान्येते सर म्हणाले, "सख्खा आहे ना? मग तूच तपास. परक्याला निदान दयामाया असते." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

खोकं बसनं नीट आलं. खोक्यावर संस्थेचं नाव पुरलं असतं. माझं नाव हातानं लिहायची गरज नव्हती.

तर बांधणी. प्लास्टिक आहे, आणि ते धातूचं असल्याचा आव आणलेला नाही, हे मला आवडलं. झाकण एका हातानं उघडत नाही. इथे प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात बर्फाच्या पाण्यातल्या चहाचा, तेरेरेचा पेला असतो, हे बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. मधल्या कळा जोरात दाबल्या की खालचा भाग किंचित खचतो. पण बिजागरी घट्ट आहे. पलंगावरून एकदा खाली पडला, ओरखडासुद्धा नाही. सात गुण.

पडदा. इथे मी तुला सोडणार नाही. खोलीत, दिव्याखाली ठीक आहे. जरा बाजूला सरकलं की सगळं काळपट. आणि शाळेच्या ओसरीत नेला तर गुणपत्रकाऐवजी आपलंच तोंड दिसतं. आमचे निम्मे वर्ग ओसरीत भरतात, उन्हाळ्यात तर सगळेच. लाल रंग इतका विटका की झेंडा ओळखू येत नाही. चार गुण, तेही कसेबसे.

वेग चांगला आहे. तेरेरेचं पाणी गार व्हायच्या आत चालू होतो. हजेरी, गुणपत्रकं, सहा-सात पानं एकदम उघडी ठेवली तरी अडत नाही. व्हिडिओवर बोलताना ओठ पुढे जातात आणि शब्द मागून येतात, पण आमच्या निरीक्षकबाईंचं समोरासमोरही तसंच असतं. आठ गुण.

आवाज. पंखा घरघरतो. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत. तिसरीच्या मुलांना शांत वाचन दिलं होतं, ती हसायला लागली. दोन गुण.

अहवाल उद्या समितीला देते. शनिवारी निर्णय. तू अर्जासोबत चिठ्ठी जोडलीस, की साठ लॅपटॉपचं हे काम मिळालं नाही तर वर्ष संपताना दुकान बंद करून स्पेनला जाणार, मेव्हण्याबरोबर बांधकामावर. असलं अर्जात लिहायचं नसतं, देर्लिस. कान्येते सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मला खाली बघत बसावं लागलं.

बाबांच्या यताइतीच्या घराबद्दल तू काही विचारलं नाहीस. मीही काही लिहीत नाही.

निमिआ ओवेलार
सभासद, खरेदी समिती


व्हिलारिका,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय देर्लिस,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. बसचा वाहक शाळेच्या फाटकाशी देऊन गेला. मी ती तिथेच उभ्यानं वाचली, मग वर्गात, मग घरी येऊन पुन्हा.

"निमी, पडद्याचं खरं आहे, ते मला मान्य. पण या लॅपटॉपला पंखाच नाही. स्वस्तातला आहे, फारसा तापत नाही, म्हणून आत पंखा बसवतच नाहीत. मग घरघरलं काय गं? मी समितीला काही कळवलेलं नाही. तूच बघ."

पंखाच नाही! मी तो उलटा करून पाहिला. हवा जायला एक भोकसुद्धा नाही. मला आधी हसू आलं, मग कान तापले. शाळेतले जुने सगळे घरघरतात, म्हणून हाही घरघरला असेल असं समजून लिहिलं, अशी सबब मी रस्ताभर तयार केली होती. तीही खोटी आहे. दोन आठवडे तो माझ्या टेबलावर होता. मी जिच्याकडे खोली घेऊन राहते ती म्हातारी न्या ब्लासिदा रोज डोकावायची आणि विचारायची, "निमिआ, चालू आहे का हे, की गेलं?"

"चालू आहे, न्या ब्लासिदा."

"काही हूं नाही की चूं नाही. माझ्या जावयापेक्षा बरं गं हे. ठेवून घे."

मुलं हसली नव्हती. त्या दिवशी मी शांत वाचनाचा तास घेतलाच नव्हता. मला तुला कुठेतरी दोन गुण द्यायचे होते, देर्लिस. बांधणीत देता येईनात, दुसरं कुणी हातात घेऊन बघेल. वेगात देता येईनात, घड्याळ लावलं की कळतं. पडद्याला वाईट म्हणायला खोटं बोलायची गरजच नव्हती. आवाज कोण ऐकत बसतो? म्हणून तिथे दिले.

वारा आज फिरलाय, दक्षिणेकडून गार झुळूक येते आहे. म्हणजे आता वाऱ्याच्या नावानंही खडे फोडता येत नाहीत. एवढं लिहिताना मी पाच वेळा उठले. तेरेरे भरला, दोन घोट घेतले आणि तसाच ओतून दिला.

काल आणखी एक झालं, आणि खरं म्हणजे त्यासाठी हे पत्र आहे. तुझी चिठ्ठी वाचून मी लॅपटॉप उघडला, कान लावून बसले आणि काहीतरी टाइप करावं म्हणून लिहायचं पान काढलं. तिथे आधीची एक फाइल दिसली. नाव होतं, कळांची चाचणी. तू विकायच्या आधी सगळ्या कळा तपासून बघतोस, आपल्या ग्वारानीतली नाकातली अक्षरंसुद्धा, जी दुसरा कुठलाच दुकानदार तपासत नाही. त्यासाठी तू दोन वाक्यं ग्वारानीत लिहिलीस:

"आपल्या घराची किल्ली निमिआकडे आहे. ती आली की उघडू."

फाइलची तारीख मी पाहिली. अडीच वर्षांपूर्वीची. म्हणजे अडीच वर्षं प्रत्येक लॅपटॉपवर तू हीच वाक्यं उतरवतो आहेस. आणि तू तिथे न्यांदे लिहिलंस.

मी एकोणीस वर्षं मुलांना हे शिकवते. फळ्यावर दोन शब्द लिहायचे. ओरे म्हणजे आम्ही, समोरच्याला सोडून. न्यांदे म्हणजे आपण, समोरच्यासकट. मग दरवर्षी तोच विनोद करायचा, की स्पॅनिश बिचारी गरीब, तिच्याकडे दोघांना मिळून एकच शब्द. मुलं हसतात. आणि बाबा गेल्यावरची नऊ दिवसांची प्रार्थना संपली त्या दिवशी मी तुला मोबाइलवर विचारलं, मी या घरात राहू की नको? तू स्पॅनिशमध्ये लिहिलंस, ला कासा एस नुएस्त्रा. घर आमचं आहे. घर आपलं आहे. दोन्हींना तेच एक वाक्य. मी पहिलं वाचलं. तुझं, लूर्देसचं आणि मुलांचं. मला सोडून.

तू स्पॅनिशमध्ये का लिहितोस हे मला काय ठाऊक नव्हतं? मोबाइल न्यांदे लिहू देत नाही, त्याचं ग्रांदे, म्हणजे स्पॅनिशमधलं मोठा, करून टाकतो. आपला कुत्रा मेला तेव्हा तू सगळ्यांना "मोठा कुत्रा गेला" असं कळवलं होतंस आणि मावशीला वाटलं जिल्ह्याचा कुणी पुढारी गेला. त्यावर आपण किती हसलो होतो. तेव्हापासून तू मोबाइलवर ग्वारानी सोडलीस. हे सगळं माहीत असून मी विचारलं नाही. "देर्लिस, ओरे की न्यांदे?" तिसरीतलं पोर विचारतं.

अंधार पडायच्या आत मी सामान बांधलं, कुलूप लावलं आणि इथे आले. पंधरा दिवसांनी शेजारच्या एर्मेलिंदाचा फोन आला. "अगं, देर्लिस दारात उभा आहे, हातात रंगाचा डबा. तू आहेस कुठे?" मी म्हटलं, "रंगवू दे ना. त्याचंच आहे." तू दोन तास ओट्यावर बसून होतास आणि मग निघून गेलास, असं तिनं नंतर सांगितलं. तुझे फोन आले ते मी घेतले नाहीत. पुढे तू करायचे बंद केलेस.

एक आणखी सांगते, कारण आता लपवून काय करू. मला ते वाक्य तसंच वाचायचं होतं. बाबांची नऊ वर्षं मी केली. त्यांची अंघोळ, औषधं, हट्ट. तू ईस्टरला यायचास, चिपा खायचास, त्यांना हसवायचास, आणि दार लागलं की ते म्हणायचे, "देर्लिस आला की घर भरतं." मला ते फार लागायचं. पण त्याबद्दल तुझ्याशी भांडणार कशी? तू काही वाईट केलंच नव्हतंस. मग तू ते एक वाक्य पाठवलंस, आणि मला रागावायला जागा मिळाली. मी ती तीन वर्षं घट्ट धरून ठेवली.

उद्या सभा आहे. पत्र बंद करत नाही, सभा झाली की पुढचं लिहीन.

शनिवार, दुपारी

झालं. सगळे जमल्यावर मी हात वर केला आणि म्हटलं, माझ्या अहवालातला आवाजाचा भाग काढून टाका.

कान्येते सरांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "का? पंखा दुरुस्त झाला?"

"त्याला पंखाच नाही, सर."

"मग तुला घरघर ऐकू कशी आली?"

"आली नाही. मी खोटं लिहिलं. माझं भावाशी भांडण होतं."

मागून कुणीतरी "आई गं!" म्हणालं. कुणी हसलं नाही, याचं मला नवल वाटलं. सर म्हणाले, "तरी मी म्हटलंच होतं, परका परवडला." त्यांनी मला समितीतून काढलं. बरोबरच केलं. आवाजाचे दहा गुण त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले.

आणि मग त्यांनी तिन्ही लॅपटॉप उचलले आणि ओसरीत नेऊन मांडले, भर उजेडात. माझ्या शब्दावर आता कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून सगळे स्वतः बघायला गेले. तुझ्या पडद्यात सरांना त्यांचा टाय दिसला. काम एन्कार्नासिओनच्या दुकानाला गेलं. त्यांचा घरघरतो, पण उन्हात दिसतो.

मी तिथेच उभी होते. काहीतरी बोलता आलं असतं, पडदा थोडा तिरका करा, उजेड वाढवा, असं. मी बोलले नाही. पडद्याचे चार हे खरे चार होते, ते तुलाही मान्य होते. तुला बुडवायला मी खोटं बोलले आणि ते आज निस्तरलं, पण तुझं काम गेलं ते माझ्या खऱ्या गुणांनी. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून इतक्या घाईनं लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण लॅपटॉप परत खोक्यात भरून ठेवला आहे आणि हा भाग हातानं लिहिते आहे.

आता तू स्पेनला जाशील. जाऊ नकोस म्हणायला मला तोंड नाही. मी तुझ्यावर अन्याय केला, एकदा तीन वर्षांपूर्वी आणि एकदा या आठवड्यात. मला माफ कर.

उद्याच्या रविवारी मी सकाळच्या बसनं यताइतीला जाते आहे. दाराशी बसून राहीन. एकटी आत जाणार नाही. हे पत्र तुला उद्यापर्यंत मिळणार नाही, ठाऊक आहे, म्हणून तू येणार नाहीस हे धरूनच जाते आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही जाईन, आणि त्याच्या पुढच्याही. तुझं विमान सुटेपर्यंत जेवढे रविवार आहेत, तेवढ्या सगळ्या रविवारी.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण ये.

एक शब्द विचारायला तीन वर्षं लावलेली,
तुझी बहीण,
निमी