हातपाय गळाले

प्रिय रणजीत,

फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला रडू फुटतं, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच. पेशंटचं अर्धं ऐकून गोळी लिहितोस तसं माझ्या बाबतीत करू नकोस.

शकुबाई गेल्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर तू तिला 'ती केस' म्हणालास. कनेरगाव नाक्याच्या पलीकडची, बासष्ट वर्षांची बाई होती ती. साखर आणि बीपी जुनं, किडन्या थकलेल्या, आणि हे सगळं तिच्या जुन्या कागदांवर लिहिलेलं. सकाळी साडेदहाला सून रुपा तिला तुझ्या दवाखान्यात घेऊन आली. "डाक्टरसाहेब, रात्रीपासून हातपाय गळाले बघा माझे," एवढंच ती म्हणाली. तू काय ऐकलंस, तर बाई घाबरली आहे. हातपाय गळणे म्हणजे घाबरून जाणे, वाक्यात उपयोग करा. दहावीला गुण मिळाले होते तुला त्याचे. अरे, आपल्याकडची म्हातारी हातपाय गळाले म्हणते तेव्हा तिचे हातपायच गळालेले असतात. तिला बाकावरून उठवत नव्हतं. रुपानं काखेत हात घालून उभं केलं. तू मान वर केली असतीस तर दिसलं असतं. तू 'घाबरू नका मावशी' म्हणालास, मन शांत राहायची गोळी लिहिलीस, आणि सुनेला वाचता यावं म्हणून खाली मराठीत लिहिलंस, 'नारळपाणी द्या'.

थकलेल्या किडनीच्या बाईला नारळपाणी. त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, आधी हातपायांचा जोर जातो आणि मग हृदयाचा, हे मी, एका नर्सनं, एमबीबीएस झालेल्या पोराला शिकवायचं का? ईसीजीचं मशीन शेजारच्या खोलीत होतं. पाच मिनिटं लागली असती.

तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तुला सांभाळायला घरी कोणी नसायचं, मी ड्यूटीवर घेऊन जायची. ईसीजीच्या वाया गेलेल्या गुलाबी पट्ट्या तुला खेळायला द्यायची. त्यावरचे डोंगर मोजत तू टेबलाखाली बसायचास. मी सांगितलं होतं, डोंगर असे उंच आणि टोकदार झाले की बाळा, पळायचं. तेव्हा तू खरंच व्हरांड्यात पळत सुटला होतास आणि सगळा स्टाफ हसला होता. शकुबाईची पट्टी माझ्या हातात आली तेव्हा मला ते आठवलं. सगळे डोंगर टोकदार होते.

आमच्या हॉस्पिटलात ती दुपारी तीनला आली, जीपमध्ये आडवी. नाडी बत्तीस. डॉक्टरांनी पट्टी बघताच कॅल्शियम मागितलं, मी हळूहळू सोडलं, मागोमाग ग्लुकोज आणि इन्सुलिन. दहा मिनिटांत डोंगर थोडे खाली आले, नाडी सुधारली, शकुबाईनं डोळे उघडून सून कुठंय म्हणून विचारलं. नांदेडला डायलिसिससाठी गाडी लावली. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं आणि हृदय थांबलं. चाळीस मिनिटं आम्ही छाती दाबली. साडेदहाला हेच सुरू झालं असतं तर ती बाई आज घरी बसून तूर निवडत असती. कॅल्शियमच्या चार बाटल्या तुझ्याही ट्रेमध्ये असतात, मला माहीत आहे.

आणि आता माझं ऐक. पोटॅशियमचा रिपोर्ट आला तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मीच मोठ्यानं विचारलं, हिला नारळपाणी कोण देत होतं? सगळ्या माना रुपाकडे वळल्या. आधीचे आठ दिवस ती रोज एक नारळ देत होती, आजारी माणसाला आपण सगळेच देतो तसं. त्या दिवशी दोन दिले. ती म्हणाली, डाक्टरनं लिहून दिलं. तिचा नवरा सोमेश्वर म्हणाला, "डाक्टर असं काहून लिहील? तूच पाजून राहिली होती." तुझ्या चिठ्ठीचा कागद तेव्हा आमच्या फाइलमध्ये होता, आणि मी तो काढून दाखवला नाही. सुतकाचे दिवस पूर्ण व्हायच्या आत रुपाला डोंगरकड्याला माहेरी नेऊन टाकलं. सुनेनं सासू मारली, असं आता गावभर म्हणतात. तिची तीन वर्षांची पोरगी सासरीच ठेवून घेतली आहे.

शकुबाई गेली त्याच दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. आई, माझे हातपाय गळालेत, म्हणालास. तेव्हा मात्र अर्थ बरोबर होता. आणि पुढे म्हणालास, तो कागद तेवढा बघ ना. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी चुकले नाही असं नाही. पहिल्याच वर्षी भलत्या बाईला इंजेक्शन दिलं होतं, पण दुसऱ्या मिनिटाला मोठ्या सिस्टरला जाऊन सांगितलं. तिनं सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली आणि ती बाई वाचली. चुकलास याचा मला एवढा राग नाही. स्वतःची चूक झाकायला तू आईला चोरी करायला सांगितलीस, त्याचा आहे. आणि त्याहून जास्त माझा मला आहे. कारण मी ती केली. आईनं लेकराचे अपराध पोटात घालायचे असतात म्हणतात. मी तुझा कागद पर्समध्ये घातला आणि आठ दिवस कपाटात साड्यांखाली ठेवला. आठ दिवस तोंडाला चव नाही.

आज सकाळी तो कागद मी फाइलमध्ये परत लावला. कुणी काढला होता ते मेट्रनबाईंना सांगितलं. माझं काय व्हायचं ते होईल. त्याआधी एक झेरॉक्स काढून घेतली. रविवारी सकाळी नऊच्या एसटीनं मी डोंगरकड्याला निघणार आहे, ती रुपाच्या हातात द्यायला, आणि तिथून तिला घेऊन सोमेश्वरच्या दारात जायला. तू स्टँडवर आलास तर कागद तुझ्या हातानं दे आणि जे सांगायचं ते तुझ्या तोंडानं सांग. नाही आलास तरी गाडी थांबणार नाही. तिथं कुणी विचारलं की हा डॉक्टर कोण, तर मी सांगणार आहे, माझा मुलगा.

रागावलेली, तरी तुझीच,
आई