डाव्या कोपऱ्याची जागा

सणसर,
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९३८

प्रिय मानसिंग,

तुझं कार्ड पोचलं. इनमीन तीन ओळी, आणि त्यातल्या दोन हुतूतूच्या. गिरणीत तुझ्या शेजारच्या मागावर इंदापूरचा एक गडी आहे, गेल्या दहा वर्षांत आमच्यासारखा संघ झाला नाही असं तो तुला रोज ऐकवतो, तेव्हा खरं काय ते मी कळवावं असा तुझा हुकूम. बरं बाबा, कळवतो. तू गेल्यापासून या विषयावर माझ्याशी तासभर भांडेल असं गावात कोणी उरलेलंच नाही.

अंथुर्ण्याच्या चैत्रातल्या जत्रेत पाच गावं खेळतात आणि जिंकणारं गाव देवळापुढचं निशाण वर्षभर आपल्याकडे ठेवतं, हे त्याला ठाऊक असेलच. पटकीच्या साली जत्रा भरली नाही. बाकीच्या नऊ सालांत इंदापूरने निशाण चारदा नेलं, आपण तीनदा, बारामतीने दोनदा. नुसतं एवढंच धरलं तर तुझा इंदापूरकर खरा. पण त्याला विचार, ही चार सालं कुठली? सगळी अलीकडची. त्याच्या आधी इंदापूर पहिल्याच दिवशी हरून भेळ खात फिरायचं. बारामतीचं तसं नाही. निशाण दोनदाच मिळालं, पण एखाद-दुसरं साल सोडलं तर शेवटच्या सामन्यात बारामती आहेच. तालमीत घोटलेले गडी, दमाला पक्के, फक्त ऐन वेळी कच खातात. माळेगावकर गुळावर पोसलेले, एकेक गडी खांबासारखा, पण सामन्याआधी आपसांतच हमरीतुमरीवर येतात. आणि यजमान अंथुर्णेकर, त्यांना निशाण कधी मिळालं नाही, पण ओरडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

मला विचारशील तर दहा वर्षांतला खरा संघ आपलाच. हे मी गावचा म्हणून बोलत नाही, आणि बोललो तरी बिघडलं काय? आपण तिन्ही निशाणं आणली तेव्हा डाव्या कोपऱ्याला तू होतास आणि तुझ्या शेजारी मी. समोरचा गडी दम धरून आत शिरला की मी तुझा हात धरायचो आणि साखळी अशी वळायची की तो परत रेषेपर्यंत पोचायचाच नाही. बारामतीच्या बाजारात अजून लोक ती साखळी काढून दाखवतात.

इंदापूरला पहिलं निशाण कसं गेलं ते मी तुला काय सांगू. शेवटची चढाई तुझी होती, रेषा हातभर राहिली होती आणि तुझा दम तुटला. एवढंच झालं. कोणी तुला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. तू खाली मान घालून घरी गेलास, आणि आठवड्याच्या आत सोलापूरच्या गाडीत बसलास. दर दिवाळीला लिहितोस, पुढल्या जत्रेला येतो म्हणून.

त्यानंतरची तीन सालं आपण नवाऐवजी आठच गडी खेळवले. आपला रिवाज तुला माहीत आहे. जागा सोडणाऱ्याने मैदानाची माती स्वतःच्या हाताने नव्या गड्याच्या कपाळाला लावायची, तोवर ती जागा कोणी घ्यायची नाही. तू माती न लावताच गेलास. इंदापूरवाले काही दूधखुळे नाहीत, ते नेमके डाव्या कोपऱ्यातून शिरतात. आणि माझा डावा हात, काय सांगू तुला, अजून तुझा हात शोधायला पुढे होतो. दरसाल लोक म्हणाले, जागा भरा. दरसाल मीच म्हणालो, मानसिंग येतोय. जागा रिकामी होती तोवर तू येणार होतास, हे माझं साधं गणित. तुझ्याविना मला करमत नाही, मानसिंग. खेळात नाही, कालव्यावर पाणी धरताना नाही, कशातच नाही.

सहा कार्डं आली तुझी, त्यांतल्या एकातही धोंडाकाकूंची चौकशी नाही. मला कारण कळतं. आईविषयी विचारलं की परत यावं लागेल. म्हणून तू न विचारता मी सांगतो. काकू बऱ्या आहेत. तुझं कार्ड आलं की मी त्यांना वाचून दाखवतो, आणि त्यांच्याविषयीच्या दोन ओळी पदरच्या घालतो.

परवा देवळात बैठक झाली. तुझा धाकटा भिमा आता तुझ्या उंचीचा झाला आहे, दमाला तुझ्याहून सरस. तुझ्या जागी त्याला घ्यायचं सगळ्यांनी ठरवलं, आणि या वेळी माझं कोणी ऐकलं नाही. माती कोणी लावायची ते वडीलधाऱ्या आप्पांनी सांगितलं. गडी वारला की त्याची आई लावते, तशी ती धोंडाबाईने लावावी. काकूंना बोलावणं गेलं. त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लावीन मी. आठ पोरांनी आमच्यापायी किती सालं मार खायचा? पन जित्या लेकाची माती कुठल्या हातानं लावायची, तेवढं सांगा कुनीतरी." म्हणून हे पत्र. जत्रा चैत्र पौर्णिमेला आहे. दौंडहून छोट्या गाडीने बारामतीला उतर, मी बैलगाडी घेऊन स्टेशनावर उभा असेन. खेळू नकोस, राहू नकोस, माझ्याशी बोललाही नाहीस तरी चालेल. भावाच्या कपाळाला माती लाव आणि वाटलं तर त्याच पावली सोलापूरला जा, मी अडवणार नाही. पण तू जिवंत असताना त्या माउलीला हात उचलायला लावू नकोस.

वाट पाहणारा, तुझाच,
रामहरी