अडवलेली गाडी

चाळीसगाव-धुळे लाईन
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९२९

वनाभाऊ यास रुपचंदचा रामराम.

तू पहूरला कापसाच्या जिनात बॉयलरवर लागलास, असं गिरधर फायरमनकडून कळलं. तब्येत सांभाळून असावास. इकडे थंडी ओसरली, हरभरा निघाला. नवे स्टेशनमास्तर बोलायला बरे आहेत. कमल चार दिवसांपासून साक्रीला तिच्या भावाकडे आहे. कधी येणार ते ठरलेलं नाही.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे, त्याला कारण आहे.

तू दुपारची गाडी घेऊन यायचास तेव्हा आपलं बोलणं ठरलेलं होतं. माझ्या सिग्नलचा हात आडवा असला की तू बाहेर थांबायचं, खाली पडला की आत यायचं. पण नाल्यावरची मोरी ओलांडताना तू दोन आखूड शिट्ट्या द्यायचास, त्या माझ्यासाठी नव्हत्या. त्या ऐकल्या की कमल हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि दोरीवर पिवळं लुगडं टाकायची. केबिनमधून मला आमचं अंगण दिसतं. लुगडं कोरडं असायचं, वनाभाऊ. कोरडं लुगडं कोण वाळत घालतं?

मी तिला विचारलं नाही. तुलाही नाही. तू केबिनवर चहा प्यायला यायचास, मी हसून कप पुढे करायचो आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. तुझा आवाज मोठा, रुंद छाती, तुझ्या हाताखाली इंजिन. माझ्या हाताखाली सिग्नलचे सहा खटके. माझी बायको असून ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतं बोलायची. तुझ्या शिट्टीला मात्र धावायची.

त्या दिवशी शिट्टी लांब आली, तीनदा. कमलनं लुगडं टाकलं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन थेट फलाटाकडे निघाली. मास्तरांनी खालून सांगितलं, "रुपचंद, सिग्नल पाड." मी खटक्यावर हात ठेवला आणि ओढला नाही. म्हणालो, "तार अडकली, साहेब. मोकळी करतो."

तार अडकली नव्हती.

अर्धा तास तुला उन्हात उभं केलं. तू शिट्ट्या मारत राहिलास, आणि प्रत्येक शिट्टीनं माझा हात जास्तच घट्ट झाला. शेवटी तू आडवा हात ओलांडून गाडी आत आणलीस. डब्यात माझी सासू होती. तू तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेत होतास. कमलनं तोंडात पाणी घातलं, ते गालावरून ओघळलं. शेजारची बाई म्हणाली, "घटकाभर पहिले बोलत व्हती माय. पोरगी कोठे शे, इचारत व्हती."

कमलच्या माहेरचं नाव घरात काढायचं नाही, हा हुकूम माझाच होता. लग्नातल्या मानापानावरून. म्हातारी चाळीसगावला तुझ्या शेजारी राहते, हेही मला माहीत होतं. दोन शिट्ट्या म्हणजे आई बरी आहे. लुगडं म्हणजे ऐकलं. तीन लांब म्हणजे आई अत्यवस्थ. फलाटावर उभ्या उभ्या मला सगळं समजलं.

तरी तू आडवा हात ओलांडल्याच्या चौकशीत मी तार अडकल्याचंच सांगितलं. भीतीनं, असं इतके दिवस स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. तू या लाईनीवरून कायमचा जावास असं मला वाटत होतं. तुझं इंजिन गेलं, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गेल्या आठवड्यात नव्या ड्रायव्हरनं सहज दोन शिट्ट्या दिल्या. कमल पिठाच्या हातांनी दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आईचं सगळं तू मला नाही सांगितलंस. वनाला का सांगितलंस?"

ती म्हणाली, "वनाभाऊनी इचारं. तुमीन कधी इचारंच नही."

मग मी तिला खटक्याचं सांगितलं. तिनं पीठ झाकलं, हात धुतले आणि गाठोडं बांधलं. त्याच दिवशी साक्रीला गेली.

काल मी कचेरीत लेखी जबाब दिला. त्याची नक्कल सोबत आहे, जपून ठेव. माझी नोकरी राहणार नाही, पण तुला पुन्हा इंजिनावर घेतील असं मास्तर म्हणतात. घेतलं तर ज्या लाईनीवर पाठवतील तिथं जा, फक्त ही लाईन मागू नकोस. घरात आता शिट्टी ऐकणारं कुणी नाही, तरी ती माझ्याच्यानं ऐकवणार नाही. इतकं झाल्यावरही तुझा हेवा वाटतो, वनाभाऊ. तिनं तुला सांगितलं.

उत्तर लिहावंस असं म्हणण्याचं तोंड मला नाही.

रुपचंद