पाहुण्यांच्या गाडीचं पॅकिंग

बा, सगळ्यात आधी उतरली ते पोराची आत्या. नाकाले पदर लावून. तिच्या मागून पोराची माय, मग बाप, आणि पोरगा शेवटी, कारण तो गाडी बंद करून बोनेटकडेच पाहून राहिला होता. माझ्या नातीले, म्हणजे तुझ्या पणतीले, पाहाले आले होते गोंदियावरून इथं केशोरीले. आत्याबाईनं अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं, "गाडी में कुछ जल रहा है. मैं नवेगाव से बोल रही, कोई सुनताच नहीं." सून म्हणे, या या, बसा. आणि मी दारात उभी होती तर तो वास माझ्या नाकात गेला. जळकं ऑइल, बा. ताजं नाही, तापलेल्या पायपावर थेंब थेंब पडून कडू झालेलं.

मग मी केशोरीत राहिलीच नाही. नागऱ्याच्या रस्त्यावर तुझ्या गॅरेजात गेली, चिंचेखाली. मी असेन आठ-नऊ वर्षाची. तू कोणाच्या तरी जीपवर वाकला आहेस, बनियन पाठीले चिकटली आहे, आणि मागं न पाहता हात लांबवून म्हणते, "पाना दे. तो नाही, त्याच्या बाजूचा." चिंचेचा पाला बोनेटवर पडून राहिला, एकेक पान, जसं कोणी मोजून टाकते. दुपार जागची हालत नाही. तू बुचाचा पत्रा इंजिनाच्या झाकणावर ठेवते आणि लहान हातोडीनं काठाकाठानं टकटक टकटक करते, तसं झाकणाखाली बसून ऑइल अडवणारं पॅकिंग आपोआप कापल्या जाते, भोकांसकट. उरलेल्या तुकड्यातून तान्ह्या पोळ्याले तू मले बैल कापून दिला होता. एक शिंग तुटलेला. मी त्यालेच तोरणाखाली घेऊन गेली, लाकडाच्या बैलांच्या ओळीत, आणि मले काही लाज वाटली नाही.

"मामीजी, चहा!" सुनेनं असं हळू ओरडलं की मी परत आली.

आता तुले घरातलं सांगून ठेवते. नातीनं आयटीआय केलं, मोटर मेकॅनिकचं. घरासमोर टिनाच्या शेडात तिचं दुकान आहे. ट्रॅक्टर येते, गाड्या येते, नागझिऱ्यात पाहुणे फिरवणारी एक जिप्सीबी येऊन गेली. पण सुनेनं पाहुण्यांना निरोप देताना सांगितलं होतं की पोरीचं शिलाईचं दुकान आहे. कायले सांगितलं, मी विचारलं नाही. मले मालूम आहे. त्या दिवशी सकाळी शेडाले कुलूप, पाटी उलटी, आणि सून पोरीची नखं लिंबानं घासून राहिली.

बा, मले पाहाले आले त्या दिवशी तू माझे हात राखेनं घासले होते. आदल्या दिवसापर्यंत तूच पाना मागत होता, आणि त्या दिवशी रागावला, "काऊन हात घातला काल इंजिनात? आता पदरात ठेव. बाहेर काढू नोको." मी ठेवले. पन्नास वर्षं झाली, ते पदरातच राहिले. नवऱ्याले सांगितलं नाही, पोराले नाही. सून सकाळी पोरीची बोटं घासत होती तर मले वाटलं जाऊन लिंबू हिसकून घ्यावं. पण मी तांदूळ निवडत बसली.

तर पोहे झाले, चहा झाला. आत्याबाई विचारून राहिली, ब्लाउज शिवता येते का, फॉल लावता येते का.  मग नात उठलीच. साडीतच अंगणात गेली आणि पोराले म्हणाली, "बोनेट उघडा."

वाकून पाहिलं. "टॅपेट कव्हरचं, या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं. ऑइल गळून सायलेन्सरच्या पायपावर पडून राहिलं. असेच गेले तर अर्ध्या रस्त्यात धूर निघंल."

"तुले काय समजते गं त्यातलं?" पोराची माय म्हणाली.

"हे दुकान माझंच आहे." आणि कमरेची किल्ली काढून शेड उघडलं.

आत्याबाई सुनेकडे वळली. "सिलाई का बोले थे ना आप लोग?"

माझा पोरगा टिनाकडे पाहाले लागला. सुनेचं तोंड एवढंसं झालं. मीच म्हटलं, "शिवते ना. लोखंड शिवते."

तीच गाडी गावात चार जणांकडे आहे, म्हणून पॅकिंग दुकानात टांगलेलंच होतं. इंजिन थंडं होईपर्यंत सगळे भिंतीच्या सावलीत बसले. मग तिनं पदर खोचला. एकेक बोल्ट काढून पोराच्या तळहातावर ठेवला. तो गिरणीत मशीनवर आहे, भाताच्या, तर त्यानं ते हातावर त्याच ओळीत मांडले जसे झाकणावर होते. मी पाहिलं ते. तिनंबी पाहिलं. जुनं पॅकिंग निघालं ते पापडासारखं कडक. खाच पुसली, नवं रबर बोटानं खाचेत फिरवलं, कोपऱ्याकोपऱ्याले जरासा चिकटवाचा बाँड, आणि झाकण ठेवलं. इथपर्यंत हात कसा सरसर. पण आत्याबाई बाजूले येऊन उभी राहिली, तर पोरगी घाबरली आणि कोपऱ्यातला बोल्ट घेऊन एकदमच आवळाले लागली.

"मधला!" मी ओरडली. "आधी मधला, मग आडवा-तिरपा. आणि दाबू नोको, बसव!"

बा, तो तुझा आवाज होता. माझ्या तोंडातून निघाला पण तुझा होता. चिंचेखालून आला. सगळे माझ्याकडे पाहून राहिले. नात म्हणाली, "आजी, तुले कसं मालूम?" मी म्हटलं, माझ्या बानं शिकवलं. एवढंच. हात पदराबाहेर होते, आणि कोणाले काही वाटलं नाही.

गाडी सुरू केली. एक थेंब नाही. पण आत्याबाईनं निघताना काय म्हणावं? "कळवतो." त्याचा अर्थ तुले सांगाले नको. सून आत निघून गेली. नात कापडानं बोटं पुसत होती, पुसून झाली तरी पुसत होती. पोराचीबी बोटं काळी, आणि तो गाडीत बसतच नव्हता.

मी म्हटलं, "आठ दिवसांत हे बोल्ट पुन्हा आवळावं लागते. नाही तर होते तसंच गळते."

"गोंदिया में कोई भी कर देगा," आत्याबाई म्हणाली.

"नाही जमत. ज्याच्या हातानं बसवलं त्याच्याच हातानं आवळावं लागते."

पोरगा पटकन म्हणाला, "हां, सही बात है. बुधवार को लाता हूँ." आणि आत्याबाई म्हणे, "अकेला क्या आएगा, मैं भी चलूँगी." नातीनं मान खाली घातली. हसू दाबून खांदे हालत होते.

बा, हे कोणाले सांगणार? तुलेच सांगते, आणि तुले पाठवाले पत्ता नाही म्हणून हे पत्र नातीच्या वहीतच ठेवते, चुका पाहून हसंल तर हसंल. पुन्हा आवळाले लागे ते बुचाच्या पॅकिंगले, ते दबून बसते म्हणून. हे रबराचं आहे. याले काही लागत नाही. नातीले मालूम होतं, ती चूप राहिली. पोरालेबी मालूम असंल, मशीनचाच मानूस तो. बुधवारी येतो म्हणाले.