एस्तेरबाईंचं एकच कलम

रत्नागिरी, १२ मे

प्रिय सावित्री,

माझं अक्षर बघून पत्र चुलीत घालायला निघाली असशील, तर थांब. तुझ्या लेकाकडे जयगडला गॅस आहे हे मला माहीत आहे. टाकी रिकामी झाल्याचं खापर तुझ्यावर फुटलं आणि तू पाणी कमिटी आणि वाडी दोन्ही सोडून गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्यामाझ्यात साधा निरोपही नाही. म्हणून आधी वाडीची बातमी सांगते, मग माझं.

तू गेल्यावर टाकीच्या व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे आली. वर्षभरात वरची आळी आणि खालची आळी एकमेकींच्या हळदीकुंकवालाही जाईनाशा झाल्या. पाणी आधी कुणाला, एवढंच भांडण. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी मिटवायला गेले की दोन माणसं वाढतात. शेवटी ठरलं, दोन्हीकडचा नसलेला अध्यक्ष हवा. म्हणजे एस्तेरबाई. इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, गेल्या गणपतीपासून आमच्या शेजारी भाड्याने राहतात. रविवारी चर्च, बाकीचे सहा दिवस जास्वंदी.

आपला आत्माराम, निवृत्त झाला तरी तलाठीच, वही घेऊन त्यांच्याकडे गेला. म्हणाला, तुमच्या धर्मावर युरोपात एवढी राज्यं चालली, म्हणजे समाज कसा चालवायचा त्याची कलमं असणारच, तीच लावू. बाई हसल्या. म्हणाल्या, राज्यं राजांनी चालवली, नाव देवाचं घेतलं. ख्रिस्ताला कराचं विचारलं तर राजाचं राजाला द्या, देवाचं देवाला द्या, असं सांगून तो मोकळा झाला. पाळ्या कशा लावायच्या, कमिटी कशी नेमायची, काहीही लिहून ठेवलेलं नाही. आत्मारामने वही मिटली. एवढा जाडजूड ग्रंथ आणि पाण्याबद्दल एक कलम नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

मग बाई म्हणाल्या, "एक मात्र सांगितलंय. देवापुढे काही ठेवायला गेलात आणि आठवलं, की कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. समेट करायचा, मग परत यायचं." आत्मारामने वही उघडली आणि लिहिलं, कलम एक: कुणाशी वाकडं असेल त्याने ते मिटवून मगच बैठकीला बसावं.

काय सांगू तुला. पहिल्या बैठकीला बाई, मी आणि आत्माराम, तिघंच. थोड्या वेळाने आत्मारामला भावाशी कुंपणाच्या गडग्यावरून झालेलं भांडण आठवलं, तोही उठला. दुसऱ्या बैठकीच्या वेळी वरची आळी खाली आणि खालची वर गेलेली, सगळ्या घरांना कड्या. तीन महिन्यांत एक ठराव पास झाला नाही, आणि पाणी मात्र वेळेवर. लोकांनी एकमेकांच्या पडवीत चहा पिता पिता पाळ्या लावून टाकल्या. आत्माराम म्हणतो, ही काही शासनपद्धती नव्हे, हिला इतिवृत्तच नाही. बाईंनाही ते मान्य आहे. म्हणतात, कुणी हट्टाने बसूनच राहिलं तर माझ्याकडे दुसरं कलम नाही.

हट्टाने बसून राहिलेली मीच. प्रत्येक बैठकीला वेळेवर हजर, जणू माझं जगात कुणाशीच वाकडं नाही. परवा बाईंनी मला चहा दिला आणि विचारलं, "दमयंतीताई, तुमचं खरंच कुणाशी काही नाही?" मी नाही म्हटलं, आणि अर्धा चहा तसाच ठेवून घरी आले.

सावित्री, त्या दिवशी तू बाजारात गेली होतीस. तुझ्या पडवीतल्या खुंटीवरची चावी मी नेली, न विचारता, आमसुलांची पिंपं धुवायला. पाणी सोडून मालिका बघत बसले, डोळा लागला, आणि अख्खी टाकी पऱ्यातून खाडीत वाहून गेली. चावी गुपचूप खुंटीला लावून आले आणि भर बैठकीत म्हटलं, व्हॉल्व्ह सावित्रीने उघडा टाकला. तू बिचारी म्हणालीस, "राहिला असेल माझ्याकडून." तू अजूनही तसंच समजत असशील, याची मला फार लाज वाटते गं. रविवारी जयगडला येते. दार उघडलं नाहीस तरी चालेल. मी अंगणातूनच सांगेन, तुझ्या सुनेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
दमयंती