पावशेर पोटाची सवाष्ण

११ जुलै, शुक्र.
सकाळी मूगडाळीचं धिरडं, तळहाताएवढं. चावताना खिडकीतून शेजारच्या शर्मा भाभींच्या तुळशीकडे बघत बसते, नाहीतर घास घाईने खाली जातो.

हे फिरून आले. अंगाला जीरावन मसाल्याचा वास. म्हणजे नाक्यावर पोहे झालेले आहेत, जलेबीही असणार. विचारलं, "कसं झालं फिरणं?" तर म्हणे, "छान, हवा छान होती." मिशीत शेव!

वजन मागच्या आठवड्याइतकंच. उतरलं नाही, हेच खूप. फेब्रुवारीत इंदूरला गाठीबरोबर पाऊण पोटही काढलं, तेव्हापासून काटा खालीच चालला होता. उरलेल्या पोटाला मी पावशेर म्हणते. ह्यांना ते नाव आवडत नाही. "लोकांना वाटेल तू प्यायला लागलीस."

आज पावशेर खूश. दिवसातून सहा वेळा, वाटीभर. जेवताना पाणी नाही. गोड नाही. आग्रह झाला तरी नाही.

१७ जुलै, गुरु.
डॉक्टरांचं अंड्याचं टुमणं चालूच. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. ह्यांनी बाल्कनीत वेगळा गॅस आणि वेगळं पातेलं मांडलंय. अंडं उकडत असताना असे उभे राहतात की जणू आत्ता पोलीस येणार.

शर्मा भाभींचा सावन लागला, त्यांनी कांदासुद्धा बंद केला. आपला श्रावण अजून आठ दिवस लांब, तेवढी अंडी वसूल. मग पनीर, सत्तू, मूग.

कंटाळा येतो. पण बेचव खायचं नाही, हे पक्कं. फोडणी नीट, कढीपत्ता ताजा, ताट मांडून. आजाऱ्याचं खाणं म्हणून समोर ठेवलं की मला भांडायलाच सुचतं.

२२ जुलै, मंगळ.
शुक्रवारसाठी कुणाचाच फोन नाही अजून. उज्जैनात आपली घरं किती उरली? श्रावणी शुक्रवारी पुरणाला सवाष्ण हवी म्हणून त्याच त्या आम्ही पाच-सहाजणी घरोघर फिरत असतो. त्यात मी हुकमी. बोलावलं की हजर, वाढलं ते सगळं संपवणार.

हिरवी साडी इस्त्रीला दिली आहे. येईल फोन.

२५ जुलै, शुक्र.
नाही आला.

घरीच जिवतीची पूजा केली, पुरणाचे दिवे लावून ओवाळलं. लेक निखिल पुण्यात, म्हणून चारी दिशांना अक्षता टाकल्या. पुरण सगळं ह्यांनी खाल्लं.

संध्याकाळी वंदनाशी बोलले. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या हाताखाली होती, आता माधव नगरात राहते. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं. कुमुदवहिनींनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, "सरोजला बोलावू नका. तिला जात नाही. सवाष्णीनं पानात टाकलं तर बरं दिसत नाही." म्हणजे माझ्याच थोरल्या जाऊबाईंनी!

फोन करून भांडणार होते. बी.पी. मोजलं, मग नाही केला. पण मी काय गेले आहे का? चालते, बोलते, कुंकू लावते, मला भूक लागते. मला न विचारता मला परस्पर वगळलं. फार लागलं.

१ ऑगस्ट, शुक्र.
संध्याकाळ. आडवी पडून लिहितेय, अक्षर तिरकं.

सकाळी वंदनाचा फोन. "काकू, ठरलेल्या सवाष्णीला ताप आला. तुम्ही येऊन राहिल्या ना? मी कुणाचं ऐकणार नाही." आनंदाने उडीच मारली. हिरवी साडी, ब्लाउज सैल म्हणून दोन्हीकडून सेफ्टी पिना. ह्यांना म्हटलं, थोडंसंच खाईन.

पाटावर बसले. रांगोळी, उदबत्ती, आणि समोरच्या पाटावर कुमुदवहिनी. त्यांची नजर माझ्या ताटावरून हलेना. तिथेच बिघडलं. मनात म्हटलं, दाखवतेच यांना. पोळी आली, वर तूप, कटाची आमटी, "अजून एक काकू, माझ्या हातची", आणि मी हो हो म्हणत गेले. ताट लख्ख केलं. विडा घेताना वहिनींकडे बघून हसलेसुद्धा.

थोड्याच वेळात घाम. छाती धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. वंदनाच्या दिवाणावर आडवी. ओटीचा नारळ तिच्या हातात तसाच. तिच्या सासूबाई देवाशी काहीतरी पुटपुटत होत्या. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

वहिनी पायाशी बसून तळवे चोळत होत्या.

२ ऑगस्ट, शनि.
डॉक्टरांना फोन. चांगलेच रागावले. "आधी पूरनपोली भी मना है, और आपने दो खा लीं? किसको दिखाना था?"

धोका नाही म्हणाले. एवढं गोड एकदम आतड्यात उतरलं की असंच होतं, हे आधी सांगितलं होतं म्हणाले. सांगितलं होतं, खरंच.

हे कालपासून बोलत नाहीत. मऊ भात केला, मीठ विसरले. मुकाट्याने खाल्ला.

दुपारी रडून घेतलं, पोटभर. (एवढंच आता पोटभर करता येतं.) मग उठून मूग भिजत घातले.

४ ऑगस्ट, सोम.
महाकालची सवारी. दुपारपासून रस्ते बंद, पालखी राम घाटावर जाऊन परत येईपर्यंत कुणी कुठे जात नाही. हे घरातच अडकले. म्हटलं आज अबोला सोडवून टाकू.

"नाक्यावरचे पोहे चोरून कशाला खाता?"

एकदम ओशाळले. मग हळूच, "तुझ्यासमोर कसं खाऊ?"

म्हणजे ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस आवडीचं काहीही घराबाहेर उभ्याने खातोय. इतकं वाईट वाटलं की आधी रागावलेच. समोर बसून खा म्हटलं, मला वास तरी येऊ दे.

मग त्यांनीच केले. बडीशेप घालून, वर जीरावन, शेव. मी मोड आलेले मूग वाफवले, त्यात दोन चमचे पोहे, लिंबू, नावाला जीरावन. पावशेरने कुरकुर केली नाही. समोरासमोर बसून खाल्लं, किती महिन्यांनी. हे घरच्याच एका लग्नातली जुनी फजिती सांगत होते, मी हसता हसता घास थांबवून धरला.

आनंद कधी येतोय याची वाट बघत बसायचं नाही. ताटाबरोबरच वाढून घ्यायचा. उद्यापासून रोज असंच बसायचं, ह्यांना सांगितलंय.

८ ऑगस्ट, शुक्र.
आजही फोन नाही. बोलावतील कशाला, सवाष्ण दिवाणावर आडवी झाली हे अख्ख्या माधव नगरला कळलंय.

घरी पुरणाचे दिवे करताना सुचलं. दिवा केवढा असतो? अंगठ्याएवढा. ओवाळून झालं, वात काढली, की उरतं एका घासाचं पुरण. आज गूळ कमीच घातला होता. आधी मूग, पनीर, भाजी, आणि अगदी शेवटी एक दिवा. हळूहळू. मग मनगट धरून बसले. हेही बसले समोर, परीक्षेचा निकाल असल्यासारखे.

काही झालं नाही! एक दिवा पचला.

म्हणजे पावशेरचं वैर पुरणाशी नाही, "अजून एक"शी आहे. आणि त्या "अजून एक"ला मीच हो म्हणाले होते.

ठरवलं. १५ ला सगळ्यांचा जन्माष्टमीचा उपास, म्हणून शेवटच्या शुक्रवारी, २२ ला. सवाष्णी माझ्या घरी. मी धरून पाच पाट, त्यांच्याच पंगतीत मी. थोडं थोडं सगळं, पुरणाचा एकेक दिवा, आणि आग्रह बंद. हे म्हणाले, "वाढणार कोण?" म्हटलं, तुम्ही.

१२ ऑगस्ट, मंगळ.
वंदना लगेच हो म्हणाली. शर्मा भाभी म्हणाल्या, "हम तो मराठी नहीं हैं, चलेगा?" म्हटलं, सुहागन हो ना, बस. वंदनाच्या शेजारची शुभा म्हणाली, "बघते, सांगते." बघते म्हणजे कुमुदवहिनींना विचारते. पाचवा पाट वहिनींचाच. निरोप ठेवला.

निरोपाला उत्तर म्हणून वहिनी स्वतःच आल्या. उंबऱ्यातूनच सुरुवात. "सवाष्णीला मोजून वाढतात का कुठे? घरची बाई त्यांच्याबरोबर बसते का? आणि दुपारी अमावास्या लागते."

"पिठोरी आहे वहिनी. मुलाबाळांचीच."

"म्हणजे तू ऐकायची नाहीस."

"नाही."

बसल्या. मग मी विचारलंच. लोकांना का सांगितलंत? मी पानात टाकेन म्हणून?

पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात तुझ्या नाकातली नळी मी बघितलीय, सरोज. सगळ्यांची ताटं भरलेली आणि तुझ्यापुढे एवढंसं, हे मला बघवत नाही गं. मला घास कसा जाईल?"

इतके दिवस राग धरून होते. उतरला का? अर्धा. कारण म्हटलं तेही खरंच, "तुम्हाला बघवत नाही म्हणून मी पंगतीला बसायचंच नाही?"

वहिनी उठल्या. चहा न घेता गेल्या.

२१ ऑगस्ट, गुरु.
पुरणाची डाळ निवडून ठेवली. शुभा येते म्हणाली. वहिनींचा फोन नाही. हे म्हणतात, चारच पाट मांडू, रिकामा पाट बरा दिसत नाही. म्हटलं, पाच.

धास्ती आहे. पुन्हा काही झालं तर परत कुणी मला पाटावर बसवणार नाही, मीही बसणार नाही. पण घाबरून घरात एकटीने धिरडी खात बसण्यापेक्षा हे बरं.

२२ ऑगस्ट, शुक्र.
आजचं नीट लिहून ठेवते.

ताट: गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची भाजी, मुगाची कोशिंबीर, पनीरची भाजी, लिंबाएवढी भाताची मूद, वरण, चमचाभर कटाची आमटी, पुरणाचा दिवा. पाचही ताटं सारखीच. ज्याला हवं त्यानं मागून घ्यायचं. हे कमरेला पंचा गुंडाळून वाढायला उभे, शर्मा भाभींना हसू आवरेना.

आम्ही चौघी बसलो. पाचवा पाट रिकामा. पुरणाचं भांडं ह्यांनी हातात घेतलं आणि फाटक वाजलं.

कुमुदवहिनी. हातपाय धुतले, ह्यांच्या हातून भांडं काढून घेतलं. "वाढते मी."

वंदना, शर्मा भाभी, शुभा, सगळ्यांना एकेक दिवा. मग मी. एक दिवा माझ्या ताटात ठेवला आणि त्यांचा हात आपोआप परत भांड्यात गेला. आयुष्यभर दोनदा वाढलेला हात, तो कुठला थांबायला. दुसरा दिवा घेऊन माझ्या ताटावर आला. मी नको म्हटलं नाही, ताटावर हातही आडवा धरला नाही. नुसतं वर बघितलं.

वहिनींनी दिवा परत भांड्यात ठेवला. डोळे पुसले. पाचव्या पाटावर बसल्या आणि स्वतःच्या ताटात एकच दिवा वाढून घेतला.

मग जेवलो. मी माझ्या चालीने. त्यांची ताटं केव्हाच संपली, पण पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही, तशा बसून राहिल्या. कुणी माझ्या ताटाकडे बघत नव्हतं. गप्पा मात्र ऐकण्यासारख्या. शर्मा भाभी म्हणाल्या, "इतना धीरे खाओ तो आधा पेट तो बातों से ही भर जाता है."

शेवटी पुरण. ताट स्वच्छ. विडा, ओटी, नारळ. नंतर गप्पा मारताना माझं एक बोट मनगटावर होतं, आणि वहिनींची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ना घाम, ना अंधारी.

जाताना वहिनी म्हणाल्या, "भूक राहिली आहे मला." म्हटलं, मलाही. दोघी हसलो.

२४ ऑगस्ट, रवि.
मंगळवारी इंदूर. स्कॅन. नानाखेडा स्टँडवरून सकाळची बस, डब्यात धिरडी आणि मूग, ह्यांच्यासाठी वेगळे पोहे. भीती वाटते. बाथरूममध्ये नळ सोडून थोडी रडले. मग अकराची वाटी होती ती खाल्ली. भीतीच्या नावाने एकही वाटी चुकवायची नाही.

वहिनींचा फोन. पुढच्या रविवारी महालक्ष्म्या बसतात त्यांच्याकडे. "पुरण तूच करायला ये. आणि ते छोटे दिवे पण कर, जास्त कर. पाहुण्यांनाही तेच वाढू." आवाजात ऐट अशी की जणू कल्पना त्यांचीच.

दुपारी वंदना. "काकू, पुढच्या श्रावणातला पहिला शुक्रवार माझा. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर दुसरं कुणी बोलवेल तुम्हाला."

मंगळवार डोळ्यांसमोर उभा. हे पेपरमधून वर बघत होते.

"येते," म्हटलं.

संध्याकाळी हिरव्या साडीचा ब्लाउज कोपऱ्यावरच्या टेलरकडे नेला. सेफ्टी पिना बस झाल्या. तो कात्री घेऊन बसला होता, त्याला थांबवलं. "काटना मत भैया, अंदर दबा दो. अगले साल ढीला करवाना है."